कोमट पाणी

पारधे सिस्टर गेल्या त्या सकाळी वस्तीपुढचा पहिला प्रश्न रडण्याचा नव्हता, अंघोळीचा होता. त्यांना शेवटची अंघोळ घालणार कोण? गेली तीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर आता पुढच्या खोलीतल्या खाटेवर डोळे मिटून पडलं होतं.

दोन हजार सहा सालचा जानेवारी होता. नाशिकची थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. शरणपूरच्या अंगाला असलेल्या त्या ख्रिस्ती वस्तीत बातमी घरोघर पोहोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. माणसं येत होती, हलक्या आवाजात सलाम करून भिंतीच्या कडेला उभी राहत होती. सिस्टरांना सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि हृदय दोन महिन्यांपासून कुरकुरत होतं, त्यामुळे अचानक झालं असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. तरी सगळे तेच म्हणत होते. मोहिनी यादव पारधे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगारपत्रकावर आणि चर्चच्या रजिस्टरात. खाटेच्या उशाशी बसलेली तृप्ती ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिची ती आई, तेव्हा इथून पुढे आपणही एकेरीतच बोलू. सिस्टरला तेच आवडलं असतं.

लहानूकाका चर्चच्या पंचांपैकी एक, व्यवस्थेला पक्का माणूस. त्यांनी तृप्तीला बाजूला घेऊन सांगितलं की दफन चार वाजता, पाळकसाहेबांशी बोलणं झालंय, पेटी दोनपर्यंत येईल, आणि अंघोळीसाठी दवाखान्यातल्या दोन आया बारा वाजता येतील. त्यांना सवय असते, तू काळजी करू नकोस. तृप्तीने मान हलवली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली. सत्तावीस वर्षांची बाई, संसार मांडलेली, आणि तिने आजवर एकाही मयताला बोट लावलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आईचं काम दोन्ही टोकांचं. वस्तीतल्या निम्म्या पोरांना जगातलं पहिलं पाणी तिने घातलं होतं आणि बऱ्याच म्हाताऱ्यांना शेवटचं. दवाखान्यात प्रसूती वॉर्डात नोकरी, ती सरकारची. घरी आल्यावर जे काही होतं ते देवाचं, असा तिचा हिशोब. दार वाजलं की चपला पायात. तृप्तीचे वडील, यादव पारधे, छापखान्यात खिळे जुळवायचे. ते गेले तेव्हा तृप्ती दोन वर्षांची होती. त्यांनाही आईनेच अंघोळ घातली, असं वस्तीतल्या बायका सांगत. आई स्वतः त्याबद्दल कधी बोलली नाही.

तिच्याकडे एक खाकी कापडी पिशवी होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती कायम भरलेली असायची: कापूस, बँडेजची गुंडाळी, साबणाची नवी वडी, टॉवेल, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, हातमोज्यांची पाकिटं. वस्तीत कुणी गेलं की माणसं निरोप द्यायची ते एवढंच, सिस्टर, पिशवी घेऊन या. मग पुढचं विचारावं लागत नसे.

आणि तिचा एक नियम होता. मयताचं पाणी कोमट हवं. बायका घाईघाईने बादलीभर गार पाणी आणायच्या, तर ही ते परत पाठवायची, स्टोव्ह पेटवायला लावायची, आणि पाणी आलं की हात धुऊन उजव्या हाताचं कोपर त्यात बुडवून बघायची. बाळंतिणीच्या खोलीत नव्या जिवाला न्हाऊ घालताना बघतात तसंच. बोटांना गरमपणा नीट कळत नाही, कोपर खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. मग अंगावर चादर तशीच ठेवून, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करून, ती काम सुरू करायची आणि सगळा वेळ त्या माणसाशी बोलत राहायची. आता डावा हात घेते हं. आता कुशीवर वळवते. जरा मान उचलते.

तृप्ती बारा वर्षांची असताना दाराच्या फटीतून हे पाहून घरी आली आणि तिने आईला विचारलं, की मेलेल्या माणसाला गार काय नि गरम काय, त्याला थोडंच कळतं. आई मिरच्या निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्याला नाय कळत," ती म्हणाली. "मला कळतं ना."

आईचं माहेर देवळ्याकडचं, कांद्याच्या शिवारातलं. शहरात तीस वर्षं काढूनही घरात तिचं 'नाय' आणि 'लय' सुटलं नाही. वॉर्डात मात्र ती अशी शुद्ध बोलायची की नवे डॉक्टर उभे राहायचे.

तिची भक्तीही तिच्यासारखीच, उभ्या उभ्याची. पहाटे साडेपाचला ती ओट्यापाशी डोळे मिटून प्रार्थनेला उभी राहायची आणि एकेकाचं नाव घेत सुटायची. आजारी कोण, परीक्षेला कोण बसलंय, कुणाचा नवरा पितो, कुणाची सून नववा महिना चालवतेय, एवढंच काय, नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाचाही नंबर लागायचा. तोवर स्टोव्हवरचा चहा उतू जायचा. हे रोज व्हायचं आणि रोज ती आमेन म्हणून आधी फडकं शोधायची. गाण्याला तिचा आवाज वाईट होता, पण तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर दाराशी बसायची, कारण प्रवचनाच्या मध्यात हमखास कुणीतरी बोलवायला यायचं. आशीर्वादाच्या वेळेपर्यंत ती परत आलेली असायची आणि शेवटच्या दोन-तीन बाकांना डेटॉलचा वास यायचा. मुलगा झाला की मुलगी, हे पाळकसाहेब भर उपासनेत भुवई उंचावून विचारायचे आणि ती खुणेने सांगायची.

पोलिओचे डोस सुरू झाले आणि ते नेमके रविवारी. पंचांमध्ये कुजबुज झाली की सिस्टर देवाचा दिवस सरकारला देते. ती निळ्या डब्यात बर्फ भरून चौकातल्या मांडवात बसायची, पोरांच्या करंगळीला शाई लावायची आणि तिच्या त्या आवाजात गीतं गुणगुणायची. पोरं औषधाला नाही, गाण्याला रडतात, असं तृप्ती तिच्या माघारी म्हणायची. पाळकसाहेबांनी एकदा हळूच विषय काढला, तेव्हा ती म्हणाली की देव रविवारी माझ्याकडून दोन थेंबच मागतो, ते तेवढे द्यावेत म्हणते. पाळकसाहेब भला माणूस. पुढच्या रविवारी ते स्वतः उपासना आटोपून मांडवात डब्याशेजारी येऊन बसले.

अशा आईची मुलगी असणं सोपं नव्हतं. तृप्तीच्या वाढदिवसाला आई वॉर्डात, स्नेहसंमेलनात तृप्ती स्टेजवर आणि आई कुणाच्या तरी बाळंतपणाला. तृप्तीला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आणि दोन्ही एकाच वेळी आले की ती भांडी आपटायची. पण तिच्या मनात खोल रुतून बसलेली गोष्ट वेगळीच होती. त्यात चूक आईची नव्हती.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. वस्तीच्या टोकाला भागीबाई राहायची. तिचा नवरा आग्रा रोडने ट्रक चालवायचा, तो वर्षभरापूर्वी गेला होता, आणि कशाने गेला ते सगळ्यांना माहीत असून कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. मग भागीबाई वाळत चालली. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. एका मार्चमधल्या दुपारी ती गेली. दवाखान्यातून तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी पाठवलं. अंगणात माणसं जमली, पण उंबऱ्याच्या आत कुणी गेलं नाही. महिला मंडळाची अध्यक्ष कुसाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, की आहे तशीच पेटीत ठेवा, देवाला समदं कळतं.

आई ड्युटीवरून थेट तिथे आली. तृप्ती पिशवी घेऊन पुढे पोहोचलेली होती, तेवढं काम ती करायची. आईने हातमोजे चढवले, ब्लीचिंग पावडर बादलीत टाकली, भांडी वेगळी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की जपून केलं तर यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी ओतायला फक्त एक माणूस हवंय. कुणी हललं नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईची नजर फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या तृप्तीवर येऊन थांबली.

"तृप्ती, तांब्या धरशील?"

तृप्ती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली, मान हलवून नाही म्हटलं आणि ती घरी निघून आली. मागून तिला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आई पाणी कोमट करत होती.

संध्याकाळी आई घरी आली, नखांपासून कोपरापर्यंत दोनदा हात धुतले, अंघोळ केली, लुगडं बदललं आणि बाजरीच्या भाकऱ्या थापायला बसली. तृप्ती त्या हातांकडे बघत होती. मी लहानूकाकांकडे जेवून आले, असं ती म्हणाली. ती कुठेही जेवली नव्हती, तिने बिस्किटाचा पुडा खाल्ला होता आणि त्याचा चुरा तिच्या ओढणीवर होता. आईने चुरा पाहिला. बरं, म्हणाली. सकाळी तृप्ती उठली तेव्हा आई ओट्यापाशी एकटी उभी राहून तृप्तीच्या वाटच्या दोन शिळ्या भाकऱ्या चहात मोडून खात होती. तृप्तीने दारातूनच पाय मागे घेतला.

त्यावर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एक बदल झाला. ज्या दिवशी आई पिशवी घेऊन बाहेर पडायची, त्या दिवशी परत आल्यावर म्हणायची, तृप्ती, आज पीठ तू मळ गं, माझं मनगट लय दुखतंय. तृप्ती मळायची, भाकऱ्याही तीच करायची, आणि त्या नकाशासारख्या भाकऱ्यांची आई भरभरून तारीफ करायची. पुढे तृप्ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिने आईला मनगटाला बांधायचा लवचीक पट्टा आणून दिला. आई इतकी हरखली की तो बांधून चर्चला गेली आणि चारचौघींना दाखवत फिरली.

हे सगळं त्या सकाळी खाटेच्या उशाशी बसून तृप्तीला आठवत होतं. साडेदहा झाले होते. नवरा राजू दफनभूमीकडे गेला होता. आया येतील तेव्हा त्यांना सामान काढून द्यावं म्हणून ती उठली आणि कपाटातून खाकी पिशवी बाहेर काढली. वर घडी घातलेली पांढरी साडी होती, म्हणजे आईने स्वतःची तयारी करून ठेवली होती. त्याचं तिला नवल वाटलं नाही. साडीखाली कापूस, बँडेज, साबण. आणि हातमोज्यांची पाकिटं. आईचे हात मोठे, साडेसात नंबरचे. सगळी पाकिटं साडेसातचीच. फक्त एक, सगळ्यांत वर, वेगळं होतं. त्यावर सहा लिहिलेलं होतं.

तृप्ती ते पाकीट हातात धरून जमिनीवर बसली. लहानपणी आई तिचा पंजा आपल्या पंजावर ठेवून म्हणायची, सहा नंबर, यात काय मावणार, ना सुई ना पोर. सहा नंबरचे मोजे या घरात दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचे नव्हते. आईने ते मागून आणून वर ठेवले होते. तृप्तीने आपल्याला अंघोळ घालावी असं तिच्या मनात होतं, आणि मुलीला शिसारी येते हेही तिच्या मनात होतं. तिने दोन्हीची सोय करून ठेवली होती.

तेवढ्यात कुसाबाई आत आली. आता ती सत्तरीला टेकलेली, पाय ओढत चालणारी. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा आईनेच त्याला न्हाऊ घातलं होतं, आणि भागीबाईचा विषय न काढता. कुसाबाईने पिशवीकडे बघितलं, तृप्तीकडे बघितलं आणि ती तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. तृप्तीला काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली, की मावशी, आईचं मनगट शेवटी शेवटी फार दुखायचं, मी तिला पट्टा आणला होता, तोही यातच असेल बहुतेक.

"मनगट?" कुसाबाई म्हणाली. "अगं, दिवाळीआधी वीस किलोचं दळण एकटीनं उचलून आणलं तिनं गिरणीतून. तिचं मनगट कधीच नाय दुखलं. मी इचारलं व्हतं तिला, पट्टा कशाला मिरवती म्हणून. म्हनली, पोरीला माझ्या हातचं खावंना त्या दिवशी. तिला लाज वाटू नये म्हणून दुखतंय म्हनते."

तृप्तीला नऊ वर्षं एकदम कळली. तिला आईचा राग आला, एवढं सगळं मुकाट्याने का केलंस म्हणून. मग रडू आलं, आणि सकाळपासून न आलेलं ते रडू चांगलं पोटभर आलं. कुसाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

"त्या दिवशी तांब्या मी पण नाय धरला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आज मी धरते. तू धू."

तृप्तीने बाहेर जाऊन लहानूकाकांना सांगितलं की आयांना नको म्हणून कळवा. तिने मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. ते उकळी फुटायच्या बेतात आल्यावर बादलीत ओतलं, त्यात नळाचं गार पाणी मिसळलं. मग हात धुतले आणि उजवं कोपर बुडवलं. फार गरम होतं. अजून अर्धा तांब्या गार घातलं, परत पाहिलं. आता बरोबर होतं.

खोलीचं दार लोटून दोघी आत राहिल्या. सहा नंबरचं पाकीट पिशवीवर होतं. तृप्तीने ते उचललं, न फोडता परत आत टाकलं आणि आईच्या कपाळाला उघडा हात लावला. कपाळ गार होतं. तिला वाटलं होतं आपला हात मागे येईल, पण तो आला नाही. आईच्या उजव्या भुवईवर एक छोटा व्रण होता, तो इतक्या जवळून तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने चादर खांद्यापर्यंत सारली. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक होतं, दाराच्या फटीतून पाहून शिकलेली होती ती. फक्त बोलायला तोंड उघडेना. कुसाबाई तांब्या धरून उभी होती.

"आई," ती शेवटी म्हणाली, "आता डावा हात घेते हं."

आणि मग तिला थांबताच आलं नाही. कुशीवर वळवताना, केस धुताना, पाठ पुसताना ती बोलत राहिली. मान उचलते म्हणाली. बिस्किटाचं सांगितलं. तुझ्या त्या गाण्याबद्दल मी खोटं बोलत होते, तू खरंच वाईट गायचीस, हेही सांगितलं, आणि त्यावर कुसाबाईलाही हसू आलं, डोळ्यांतून पाणी येत असताना. जबड्याला बँडेज बांधताना तृप्तीला गाठ जमेना, तेव्हा कुसाबाईने तांब्या खाली ठेवून गाठ मारून दिली. खोबरेल लावून तिने केस विंचरले, आईला आवडायचा तसा मधोमध भांग काढला. पांढऱ्या साडीच्या निऱ्या काही तिला नीट जमल्या नाहीत.

चार वाजता दफन झालं. चर्चच्या आवारात न मावणारी गर्दी होती. निफाडहून दोन बायका आईच्या हातावर जन्मलेली, आता मोठी झालेली आपापली मुलं घेऊन आल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. संध्याकाळी घरात चूल पेटायची नव्हती, शेजारपाजाऱ्यांनी पिठलं आणि भाकऱ्या आणून दिल्या. तृप्ती त्या रात्री जेवली नाही. भूकच नव्हती, या वेळी खरोखर.

सकाळी कुसाबाई दूध घेऊन आली. तृप्तीने चहा टाकला आणि ओट्यापाशी उभी राहिली. आईच्या नावांची यादी तिला सगळी पाठ नव्हती, जेवढी आठवली तेवढी तिने घेतली, आणि चहा उतू गेला. राजू म्हणाला, मी बेकरीतून ताजे पाव घेऊन येतो. नको, ती म्हणाली. डब्यात कालच्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या. एक तिने कुसाबाईच्या पुढ्यात ठेवली, एक स्वतः घेतली, आणि काल आईला न्हाऊ घातलेल्या हातांनी ती चहात मोडली. भाकरी कडक झाली होती, भिजायला वेळ लागत होता. दोघी शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिल्या.